एवढ्या उन्हात टिनाला करंट काहून नाही येत?

शेतातली झटका मशीन उन्हावर चालते, हे आता विदर्भातल्या खेड्यांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवसा पॅनेलवर ऊन पडतं, बॅटरी चार्ज होते, आणि रात्री रानडुक्कर किंवा रोही कुंपणाच्या तारेला टेकला की झटका खाऊन माघारी वळतो. हे रोज पाहणारी शाळेतली पोरं मग हमखास विचारतात, "सर, पॅनेलवर ऊन पडलं तर करंट तयार होते, मग घरावरच्या टिनावर दिवसभर ऊन पडते, त्याले काहून नाही येत?"

प्रश्न अस्सल आहे. पॅनेलही ऊन खातं, टिनही खातं. उलट टिनाचा आकार मोठा, आणि मे महिन्यात ते इतकं तापतं की हात ठेववत नाही. त्यात धातू म्हणजे विजेचा चांगला वाहक, हे पुस्तकातच लिहिलेलं. मग अडतं कुठं? या प्रश्नाचा गाभा सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या नामांकित शास्त्रज्ञांनाही सुटत नव्हता, आणि तो सोडवल्याबद्दलच आइनस्टाइनला नोबेल मिळालं.

आधी 'धातू भारित होतो' म्हणजे काय ते पाहू. धातूच्या प्रत्येक अणूतले एक-दोन इलेक्ट्रॉन मोकळे असतात. ते एका अणूला बांधलेले नसतात, सगळ्या पत्र्यात फिरत असतात. इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो. पण पत्र्यात जेवढा ऋण प्रभार, तेवढाच अणूंच्या केंद्रांतला धन प्रभारही असतो, म्हणून बाहेरून पाहता पत्रा उदासीन. बाहेरून जास्तीचे इलेक्ट्रॉन आले तर तो ऋण भारित होतो, आतले निघून गेले तर धन भारित. तापल्यानं हा हिशेब बदलत नाही. इलेक्ट्रॉन थोडे जास्त धडपडतात, इतकंच. निव्वळ उष्णतेनं ते धातूबाहेर पडायचे तर धातू लालबुंद, पांढराशुभ्र तापावा लागतो. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये तेच व्हायचं. साठ-सत्तर अंशांचं टिन त्या मानानं गारच.

इलेक्ट्रॉन मोकळे आहेत, पण पत्र्याच्या आतल्या आत मोकळे. पृष्ठभागाच्या बाहेर पडायचं तर मागची सगळी धन केंद्रं त्यांना आत ओढतात. ती ओढ तोडायला ठरावीक ऊर्जा लागते, तिला कार्यफल म्हणतात. प्रत्येक धातूचं कार्यफल वेगळं. मोजायचं माप आहे इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पोटॅशियम आणि सोडियमचं सव्वादोनच्या आसपास, जस्ताचं सुमारे ४.३, लोखंडाचं साडेचार, प्लॅटिनमचं साडेपाचच्या वर. आणि आपलं टिन म्हणजे लोखंडाचा पत्रा आणि त्यावर जस्ताचा मुलामा. म्हणजे आपला प्रश्न खरा जस्ताचा आहे. योगायोग असा की प्रकाशानं धातू भारित होतो का, हे नीट तपासणारा पहिला प्रयोगही जस्तावरच झाला.

सुरुवात १८८७ सालची. जर्मनीत कार्ल्सरूहला हाइनरिश हर्ट्झ रेडिओ लहरींवर काम करत होते. दोन धातूच्या गोळ्यांमधली ठिणगी त्यांना पाहायची असे. त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या ठिणगीचा उजेड या गोळ्यांवर पडला की ठिणगी सहज उडते. मध्ये काच धरली की हा परिणाम जातो, क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकाचा तुकडा धरला तर जात नाही. साधी काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. म्हणजे काम करत होते ते डोळ्यांना न दिसणारे किरण.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, विल्हेल्म हालवाख्स यांनी ते सोपं करून दाखवलं. हा प्रयोग विज्ञान महाविद्यालयात आजही होतो आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. जस्ताची पट्टी घ्यायची आणि सँडपेपरनं घासून चकचकीत करायची. हे घासणं फार महत्त्वाचं, कारण हवेत जस्तावर लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि मग प्रयोग मंदावतो. पट्टी विद्युतदर्शीवर ठेवायची. विद्युतदर्शी म्हणजे एक धातूची दांडी आणि तिला खाली लटकणारं सोन्याचं किंवा अॅल्युमिनियमचं अगदी पातळ पान. प्रभार दिला की दांडी आणि पान दोन्हींवर सारखाच प्रभार येतो, एकमेकांना ढकलतात आणि पान वर उचललं जातं. आता पट्टीला ऋण प्रभार द्या. पान उचललेलं राहील. तिच्यावर साधा बल्ब कितीही जवळून पाडा, पान हलत नाही. शंभर वॅटचा काढून दोनशेचा लावा, तरी नाही. मग अतिनील दिवा लावा, लहानसा, डोळ्यांना फिकट निळसर दिसणारा. पान सरसर खाली येतं. मध्ये काच सरकवली की जिथल्या तिथं थांबतं, काढली की पुन्हा उतरू लागतं. पट्टीला ऋणाऐवजी धन प्रभार दिला तर मात्र अतिनील दिव्यानंही पान उतरत नाही.

यातून एवढं कळलं की उजेडामुळं पट्टीतून ऋण प्रभाराचं काहीतरी बाहेर पडतं. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवून दिला आणि १८९९ मध्ये या प्रयोगात बाहेर पडणारे कणही इलेक्ट्रॉनच आहेत हे सिद्ध केलं.

खरी अडचण पुढं आहे. त्या काळी प्रकाश म्हणजे लहर, हे पक्कं ठरलेलं होतं. लहर असेल तर प्रखर उजेडानं इलेक्ट्रॉनला जास्त जोराचा धक्का बसायला हवा. मंद उजेडात त्याला थोडी थोडी ऊर्जा साठवायला वेळ लागायला हवा, पण शेवटी निघायला तर हवाच. १९०२ मध्ये फिलिप लेनार्ड यांनी उजेडाची प्रखरता हजारपटीनं कमी-जास्त करून पाहिली. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली, पण एकेका इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा तसूभरही बदलली नाही. ती बदलायची फक्त प्रकाशाचा प्रकार बदलला की. आणि वाट बघणं तर नव्हतंच. योग्य प्रकारचा प्रकाश कितीही अंधुक असो, इलेक्ट्रॉन निघायचे तर तत्क्षणी निघायचे, नाही तर तासन् तास काहीच नाही.

१९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइनस्टाइननं सांगितलं की प्रकाशाची ऊर्जा सुट्या सुट्या पुड्यांत येते. या पुडीला पुढं फोटॉन नाव पडलं. एका फोटॉनमध्ये किती ऊर्जा, हे प्रकाशाच्या वारंवारितेवर ठरतं. लाल प्रकाशाच्या फोटॉनमध्ये कमी, जांभळ्यात जास्त, अतिनीलमध्ये त्याहून जास्त. प्रखरता वाढली म्हणजे फोटॉनांची संख्या वाढली, एकेका फोटॉनची ऊर्जा तेवढीच. आणि एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच फोटॉन घेतो.

आपल्याकडं उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, तेव्हा काय होतं ते आठवा. पाणी पस्तीस हात खोल गेलंय आणि दोर तीस हाताचा आहे. असे शंभर दोर, शंभर बादल्या एकदम सोडल्या तरी सगळ्या कोरड्याच वर येणार, कारण कोणताच दोर पाण्याला टेकत नाही. चाळीस हाताचा एकच दोर आणला तर बादली भरते, वर पाच हात दोर हातात उरतो. विहिरीची खोली म्हणजे कार्यफल. दोराची लांबी म्हणजे एका फोटॉनची ऊर्जा. दोरांची संख्या म्हणजे उजेडाची प्रखरता. हातात उरलेला दोर म्हणजे बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनकडं धावायला उरलेली ऊर्जा. आणि दोन आखूड दोरांना गाठ मारून लांब करायची सोय इथं नाही, कारण साध्या उजेडात एकाच इलेक्ट्रॉनला एकाच क्षणी दोन फोटॉन गाठतील अशी वेळ जवळजवळ येतच नाही.

अमेरिकेतल्या रॉबर्ट मिलिकन यांना हे पटलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं सोडियम, लिथियम यांसारख्या धातूंचे पृष्ठभाग निर्वात नळीतच खरवडून मोजमापं घेत राहिले आणि १९१६ मध्ये त्यांनी जे आकडे छापले ते आइनस्टाइनच्या सूत्राला तंतोतंत जुळले. पटत नसूनही जे दिसलं ते जसंच्या तसं छापणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. आइनस्टाइनला १९२१ चं नोबेल मिळालं ते याच नियमासाठी, सापेक्षतावादासाठी नव्हे. मिलिकनना १९२३ मध्ये मिळालं.

आता आपल्या टिनाचा हिशेब करता येतो. लाल प्रकाशाच्या फोटॉनमध्ये पावणेदोन-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. डोळ्यांना दिसणारा सगळ्यात जोरकस प्रकाश जांभळा, त्याच्यात सुमारे ३.१. जस्ताला लागतात ४.३. दिसणारं सगळं ऊन इथंच बाद झालं. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितका त्याचा फोटॉन जोरकस, आणि ४.३ चा फोटॉन हवा असेल तर ती २९० नॅनोमीटरपेक्षा कमी लागते. सूर्य तसे किरण सोडतो, पण आपल्या डोक्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर जो ओझोनचा थर आहे तो नेमके २९० च्या खालचे किरण जवळजवळ सगळे पिऊन टाकतो. जो भाग टिनातून इलेक्ट्रॉन काढू शकला असता तो जमिनीवर पोचतच नाही. त्यात छपरावरच्या जस्तावर ऑक्साइडचा जुना थर आणि धूळ. म्हणून ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं पारा ४६-४७ अंशांवर गेला तरी टिन भारित होत नाही. पडलेल्या उन्हाची ऊर्जा वाया जात नाही, तिची उष्णता होते, आणि खाली बसलेल्याला ती चांगलीच कळते.

ऊन सगळ्याच धातूंपुढं हतबल आहे असंही नाही. एल्स्टर आणि गायटेल हे जर्मनीतले दोन शाळामास्तर. त्यांनी १८८९ च्या सुमारास दाखवलं की सोडियम-पोटॅशियमवर साधा दिसणारा उजेडही काम करतो. मॅग्नेशियमची पट्टी ताजी घासून ऋण भारित केली आणि उन्हात धरली तर तिचा प्रभार उतरतो, कारण तिचं कार्यफल ३.७ च्या आसपास आहे आणि तेवढे जोरकस किरण जमिनीवर थोडे का होईना, येतात. आणि हवेच्या वर, जिथं ओझोन नाही, तिथं उपग्रहांचं उन्हातलं अंग काही व्होल्टनं धन भारित होतं. चंद्रावरच्या मातीचंही तसंच. त्यामुळं उपग्रह बनवणाऱ्यांना हा हिशेब आधीच करावा लागतो.

समजा ओझोन नसता, किंवा आपणच अतिनील दिवा आणला, तर टिनाला झटका बसण्याइतका प्रभार येईल का? तरी नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. गावातल्या आरओ प्लांटमध्ये जंतू मारायला जी अतिनील नळी असते ती बहुधा २५४ नॅनोमीटरची. तिच्या फोटॉनमध्ये ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे जस्तासाठी पुरेसे. (ती नळी उघडून पाहायची नाही. डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.) जस्ताची बादली नायलॉनच्या दोरीनं हवेत टांगली आणि तिच्यावर हा प्रकाश पाडला तर इलेक्ट्रॉन निघू लागतील आणि बादली धन भारित होत जाईल. पण धन बादली निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला मागं ओढते. ४.९ मधून ४.३ गेले की हाती उरतात ०.६. म्हणून बादलीचा विभव अर्ध्या-पाऊण व्होल्टवर पोचला की पुढचा इलेक्ट्रॉन सुटूच शकत नाही. तोवर बाहेर गेलेले इलेक्ट्रॉन पाच-सहा कोटी असतील. संख्या ऐकायला मोठी, पण साध्या टॉर्चच्या सेलमध्ये याहून जास्त व्होल्ट असतात. विद्युतदर्शीचं पान उचलायलाच शेकडो व्होल्ट लागतात. म्हणून तर हालवाख्सच्या प्रयोगात पट्टी आधी ऋण भारित करावी लागते.

याच्याशेजारी घासण्यानं येणारा प्रभार ठेवून बघा. कोरड्या हवेत रबरी चप्पल घालून, टेरिकॉटचे कपडे घालून प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं की अंगावर काही हजार व्होल्ट सहज जमतात. दाराच्या कडीला हात लावताच बोटाला चटका बसतो, तो निदान तीन हजार व्होल्टचा. प्रभार मात्र इतका थोडा की क्षणात संपतो. एरवी निरुपद्रवी, पेट्रोलजवळ नाही. म्हणून टँकर रिकामा करताना त्याला आधी अर्थिंग जोडतात, आणि आपणही पेट्रोलची कॅन गाडीवर किंवा मांडीवर ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावी. उजेड आणि घासणं यांशिवाय भारित होण्याचा तिसरा मार्ग प्रवर्तनाचा, म्हणजे न शिवता. भारित ढग वर आला की टिनातले इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकतात. जून-जुलैत, वीज कडाडत असताना, शेतातल्या टिनाच्या खोपटाला टेकून उभं राहणं यासाठीही धोक्याचं.

मग पॅनेलमध्ये वेगळं काय? तिथं धातू नाही, सिलिकॉन आहे, आणि इलेक्ट्रॉनला बाहेर पडायचंच नसतं. आतल्या आत बांधलेला इलेक्ट्रॉन फक्त सुटा व्हायला हवा. त्याला लागतात सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे लाल प्रकाशही पुरून उरतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला एकाच दिशेनं ढकलायला सिलिकॉनच्या दोन थरांच्या सांध्यावर कायमचं विद्युत क्षेत्र तयार केलेलं असतं. टिनात असा सांधा नाही, हा दुसरा मोठा फरक. एका सेलला अर्धा-पाऊण व्होल्ट, असे ३६ सेल ओळीनं जोडले की बारा व्होल्टची बॅटरी भरता येते.

मल्टिमीटर असेल तर एक गोष्ट नक्की करून पाहा. पॅनेलचे व्होल्ट मोजा आणि ढग सरकू द्या. व्होल्ट थोडेच उतरतील. आता अँपिअर मोजा, ते धाडकन खाली येतील. उजेड कमी म्हणजे सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या कमी, एकेकाची ऊर्जा तीच. लेनार्डनं जे पाहिलं त्याचीच ही सावली आपल्या शेतात दिसते. आणि मे महिन्यात सौर पंप जानेवारीइतका जोमानं चालत नाही असं वाटलं तर ते खरं असू शकतं. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला त्याची शक्ती साधारण ०.४ टक्क्यानं घटते. ६५ अंशांच्या पॅनेलनं सोळा टक्के तिथंच गमावलेले असतात.

झटका मशीन बॅटरीतले बारा व्होल्ट वाढवून काही हजार करते, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, आणि साधारण सेकंदाला एकदा. म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. खांबावरची लाईन थेट तारेला जोडली तर ती अखंड २३० व्होल्टची, सुटका न देणारी. त्या तारेनं रानडुकरं मरतात, वाघ मरतात, पहाटे शेतात जाणारी माणसं मरतात. तो गुन्हा आहे, आणि ते कुणीच करू नये.

हे सगळं मला मुळात ज्यासाठी सांगायचं आहे ते कूलर. "उन्हानं कूलरच्या टिनाला करंट आला" असं म्हणताना मी लोकांना ऐकलं आहे. ऊन टिनाला करंट देऊ शकत नाही, ते वर पाहिलंच. कूलरच्या अंगाला करंट जाणवत असेल तर तो आतूनच आला: पाण्याच्या मोटरीचं इन्सुलेशन गेलं, वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली, खसच्या ताट्यांतून ठिबकणारं पाणी जोडावर पडलं. घासण्याच्या प्रभारासारखा हा एका चटक्यात संपत नाही. मागं अख्खं डीपी उभं असतं, तुम्ही चिकटून असेपर्यंत तो वाहतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला दोनशेवर मिलिअँपिअर होतात, आणि हृदयाची लय बिघडायला त्याहून बरेच कमी पुरतात.

म्हणून पाणी भरताना बटण बंद करून प्लगच काढायचा, पायात कोरडी चप्पल, आणि पोरांना टाकी भरायला पाठवायचं नाही. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा करायचा नाही. ती जाड तिसरी पिन कूलरचं अंग जमिनीशी जोडते, म्हणजे गळणारा करंट तुमच्याऐवजी तिथून जातो आणि फ्यूज उडतो. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय हे ओळखणारा स्विच, बसवला तर तो फ्यूजची वाट न बघता क्षणात लाईन तोडतो.

फक्त अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचलेली हवी. आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण एप्रिल-मेमध्ये ती वाळते, हातभर भेगा पडतात, आणि गाडलेली पट्टी नुसती कोरड्या ढेकळांत उभी राहते. तेव्हाच कूलर सुरू होतात. खड्ड्यात कोळसा-मीठ घातलेलं असतं ते ओल धरून ठेवायला, पण ओल आधी असावी लागते. दर आठ-पंधरा दिवसांनी त्या खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओता. काही ठिकाणी अर्थिंगची तार न्यूट्रललाच जोडून मोकळे होतात. ते लगेच बदलून घ्या, कारण खांबावर न्यूट्रल तुटला की कूलरचं सगळं अंग लाईव्ह होतं. आणि टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. लाकडी स्टुलावर उभं राहून टेस्टर लावला तर तो कधी कधी पेटतच नाही.